जेवलो, आडवा झालो आणि ठोके बिघडले : व्हेगल एएफ असणाऱ्या नवख्यांसाठी

यवतेश्वरचा घाट धावत चढताना मला कधी काही झालं नाही. दुकानात खताची पोती सरकवताना नाही, की उधारीवरून कुणाशी वाजलं तेव्हाही नाही. व्हायचं ते रात्री, भरपेट जेवून डाव्या कुशीवर झोपल्यावर. त्यामुळे पहिली दोन वर्षं घरात सगळ्यांचं एकच निदान होतं. आई म्हणायची, "गॅस धरला आसंल. ओवा चाव आन् झोप."

तुमच्या ईसीजीवर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ, असं लिहून आलं असेल आणि तुमचाही त्रास विश्रांतीच्या वेळी सुरू होत असेल, तर पुढचं वाचा. विश्रांतीत, व्हेगस नावाच्या नसेच्या जोराने येणाऱ्या या तऱ्हेलाच व्हेगल एएफ म्हणतात. मी डॉक्टर नाही. साताऱ्यात शेती-औषधांचं दुकान आहे, वय चोपन्न, दहा-बारा वर्षं धावतोय आणि आठ वर्षं हा पाहुणा अंगावर बाळगून आहे. गोळीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण डॉक्टरांकडे जाताना हातात काय असावं आणि बाकीच्या तेवीस तासांत काय करावं, हे मला उशिरा कळलं. ते इथे सांगतो.

आधी हे होतं कसं

निरोगी हृदयात ठोका एका ठिकाणाहून सुटतो आणि वरच्या दोन कप्प्यांतून शिस्तीत खाली उतरतो. एएफमध्ये वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात, आणि खाली पोचणाऱ्या ठोक्यांना कसलंच अंतर उरत नाही. व्हेगस ही मेंदूतून निघणारी दहावी नस. गळ्यातून छातीत आणि छातीतून पोटात उतरते. अन्न पचवणं, झोप लागणं, पळून आल्यावर हृदय खाली आणणं ही तिची कामं. थोडक्यात शरीराचा ब्रेक. तिच्या टोकांतून ॲसिटिलकोलिन नावाचं द्रव्य सुटतं. त्याने ठोके संथ होतात. पण त्याच वेळी वरच्या कप्प्यांतल्या पेशी एका ठोक्यातून सावरून दुसऱ्यासाठी फार लवकर तयार होतात, आणि तेही सगळीकडे सारख्या वेळात नाही.

लेझमाच्या डावात हलगीवाल्याने ठेका फार संथ केला की काय होतं ते आठवा. मधल्या मोकळ्या जागेत कुणी हौशी पोरगा आपलीच थाप मारतो, अर्धी रांग त्याच्यामागे जाते, अर्धी हलगीवर राहते आणि डाव फसतो. इथला हौशी पोरगा बहुतेक वेळा फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी बसलेला असतो. हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हैसागेर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवून दिलं. त्याच्याही आधी फिलिप कुमेल या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञांनी रात्री, जेवणानंतर, विश्रांतीत येणारा एएफ ही वेगळी तऱ्हा म्हणून मांडली होती. म्हणजे नाव नवीन वाटलं तरी प्रकार जुना आहे. मात्र शुद्ध व्हेगल माणसं थोडी. पुष्कळांना विश्रांतीतही होतं आणि ताणातही.

पहिलं काम : नाडी मोजायला शिका

अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दोन बोटं ठेवा आणि पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय इथे चालत नाही, कारण ठोके सारखे नसतातच. मला ते कसे लागतात सांगू? आमच्या कोरेगावकडचा वाघ्या घेवडा निवडायला स्टीलच्या ताटात ओतताना जसा आवाज येतो तसे. दोन जवळजवळ, मग एक लांब, मग चार एकदम, मग काहीच नाही. मधेच एखादा ठोका चुकून पुन्हा ताल लागत असेल तर तो बहुधा नुसता जादा ठोका असतो. एएफमध्ये ताल लागतच नाही.

घरच्या बीपी मशीनवर बेताल ठोक्याची खूण उमटत असेल तर ती पाहा, पण त्या वेळच्या एका आकड्यावर जाऊ नका. तीनदा मोजा. मनगटी घड्याळात ईसीजीची सोय असेल तर झटका, म्हणजे एएफचा फेरा (हार्ट अटॅक नव्हे), चालू असतानाच तीस सेकंदांची पट्टी काढून ठेवा. ही पट्टी सोन्यासारखी असते, कारण आपण सकाळी दवाखान्यात पोचतो तेव्हा हृदय साळसूदपणे चालत असतं. माझे पहिले तीन ईसीजी नॉर्मल आले. चोवीस तास ठोके टिपणारं होल्टर यंत्र लावलं, तो दिवसही नेमका शहाण्यासारखा गेला. घड्याळ नसेल तर रात्री दोन वाजताही जवळच्या, ईसीजी निघेल अशा दवाखान्यात जा. एकदाच त्रास होतो, पण निदान कागदावर येतं.

दुसरं काम : वेळ लिहा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची झाली तर ही घ्या. काय खाल्लं, कशाची काळजी होती, हे नंतर. आधी घड्याळ. झटका किती वाजता सुरू झाला, त्याआधीच्या चार तासांत काय काय झालं, अंग कसं टाकलं होतं, कधी थांबला. मी जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहायचो. त्यातल्या एका पानावरच्या तीन नोंदी जशाच्या तशा :

"रात्री १.४०. सासुरवाडीची जत्रा. जेवण ११ ला. मटण, तीन भाकरी, वर कोल्ड्रिंक. डावी कूस. पहाटे ५.५० ला आपोआप बंद."

"दुपारी १२.३०. सकाळी १८ किमी पळालो. थंड पाण्याची बाटली एका दमात. आंघोळ करून लगेच आडवा. ३ ला बंद."

"रात्री २.१५. जेवण हलकं, ८ ला. पण पोट दोन दिवस साफ नाही. सकाळी उठून चालल्यावर थांबलं."

अशा दहा नोंदी जमल्या की तुम्हाला न शिकवता दिसायला लागतं. माझ्या दहापैकी आठ रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतल्या होत्या. ते पान पाहिल्यावर पुण्याचे डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसले.

एक सावधानता. सगळं एकदम बंद करू नका, नाहीतर नक्की काय बाधतं ते कधीच कळणार नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एएफच्या रुग्णांनी आपापला संशयित निवडून तो आलटून पालटून घेतला आणि टाळला. सर्वांत जास्त लोकांनी बोट दाखवलं होतं कॉफीवर. सिद्ध झाली ती फक्त दारू. त्यामुळे कुणी चहा तोडायला सांगितला तर मी आधी वही उघडतो. माझ्या वहीत चहा निर्दोष आहे.

तिसरं काम : डॉक्टरांकडे काय विचारायचं

पट्टी, वही आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी होईल, त्यात झडपा आणि कप्प्यांचा आकार पाहतात. थायरॉइड, पोटॅशियम, मॅग्नेशियम, मूत्रपिंड यांच्या रक्ततपासण्या होतील. घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर ते आपण होऊन सांगा. झोपेतला हा अडथळा एएफला खतपाणी घालतो आणि त्यावर उपचार आहेत. हे सांगायला बायकोला सोबत न्या, कारण आपल्याला आपण कधीच घोरत नसतो.

आता गोळ्यांबद्दल, कारण इथेच मी फसलो. पहिल्या डॉक्टरांनी मला मेटोप्रोलॉल दिलं, रात्री झोपताना घ्यायला. ही बीटा ब्लॉकर जातीची गोळी, ठोके संथ करणारी, एएफमध्ये सर्रास देतात आणि बहुतेकांना ती योग्यही असते. पण ज्याचं हृदय आधीच संथ होऊन बिघडतं, त्याच्या ब्रेकवर आणखी एक पाय पडतो. महिन्याला एक येणारा झटका मला आठवड्याला यायला लागला. त्यांनी वेळ विचारली नव्हती, आणि मीही सांगितली नव्हती. डिगॉक्सिनचंही तसंच, ते व्हेगसचाच जोर वाढवतं. निखळ व्हेगल तऱ्हेत फ्लेकेनाइड किंवा डायसोपिरामाइडसारख्या गोळ्यांकडे डॉक्टर वळतात, पण आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा हृदय कमजोर असेल तर फ्लेकेनाइड धोक्याचं असतं. काही वेळा ते देतानाही सोबत ठोके आवरणारी दुसरी गोळी लागते. म्हणून हे वाचून बीटा ब्लॉकर परस्पर बंद करू नका. अचानक सोडल्यानेही हृदय उसळतं. फक्त विचारा : "माझे झटके रात्रीचे आणि जेवणानंतरचे आहेत. तरी हीच गोळी ठेवायची का?"

काहींना "खिशातली गोळी" देतात. रोज घ्यायची नाही, झटका आला की घ्यायची. तिचा पहिला डोस दवाखान्यात, मॉनिटरखाली घ्यायचा असतो.

रक्त पातळ करणारी गोळी

एएफमध्ये वरच्या डाव्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका साधारण पाचपट वाढतो. व्हेगल आहे म्हणून यातून सूट नाही. तुम्हाला गोळी लागते का हे वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची कमजोरी, आधीचा पक्षाघात, रक्तवाहिन्यांचा आजार यांचे गुण जुळवून ठरवतात. ६५ वर्षांना एक गुण, ७५ ला दोन, आधी पक्षाघात झाला असेल तर दोन. झटके महिन्यात एकदाच येतात की रोज, हे त्या गुणांत नसतं. ॲस्पिरिन हा याला पर्याय नाही.

आपल्याकडे लहानपणीच्या सांधेतापातून झडप आक्रसलेली माणसं अजून पुष्कळ आहेत. इकोमध्ये तसं निघालं तर नव्या गोळ्या चालत नाहीत. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉलच लागतं आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा) सहसा २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. त्यात मेथी, पालक बंद करायची गरज नसते, प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं. एक आठवडा रोज मेथी आणि पुढचा आठवडा कोरडा, असं नको. कुठलीही पातळ करणारी गोळी असो, गुडघ्यासाठी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने वेदनाशामक आणू नका.

जेवण

इथे थोडं रेंगाळतो, कारण आमच्या भागात भांडण सगळं पंगतीशी आहे.

पोट तट्ट फुगलं की व्हेगसला चेव येतो, आणि अन्ननलिका तर वरच्या डाव्या कप्प्याला पाठीमागून खेटूनच जाते. म्हणून नियम पदार्थाचा कमी आणि आकारमानाचा व वेळेचा जास्त. मटण वर्ज्य नाही, रात्री अकराचं मटण वर्ज्य. बाजरीची भाकरी चांगलीच, तीन भाकऱ्या एका बैठकीला नकोत. झोपण्याआधी तीन तास ताट बाजूला. मी रात्रीचं जेवण साडेसातला उरकतो आणि मोठं जेवण दुपारी घेतो. हरभऱ्याची उसळ, राजमा, फ्लॉवर असलं वात धरणारं जे काही तुमच्या वहीत येईल, ते दुपारकडे ढकला.

थंडगार पेय एका दमात ओतू नका. बर्फ घातलेला उसाचा रस असो की महाबळेश्वरहून उतरताना घेतलेली स्ट्रॉबेरी-क्रीम, घोट घोट, चमचा चमचा. माठातलं पाणी माझं हक्काचं. दारूबद्दल घोळ नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला. नियमित पिणाऱ्या १४० एएफ रुग्णांपैकी अर्ध्यांना थांबायला सांगितलं होतं. सहा महिन्यांत थांबलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना आणि पीत राहिलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना एएफ परतला. मी शेवटची घेतली ती भाच्याच्या हळदीला, आणि ती रात्रही वहीत आहे.

बद्धकोष्ठ ही लाजेची बाब करू नका. शौचाला जोर लावणं हा थेट व्हेगसला धक्का. इसबगोल, पाणी, पपई, जे मानवतं ते ठेवा.

जेवणानंतर शतपावली आपल्या आजोबांची, तीच उत्तम. वामकुक्षी मात्र, क्षमा असावी, आपल्यासाठी नाही. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीकडे सरकतं आणि अनेकांना त्यातच फडफड सुरू होते. मी उजव्या कुशीवर झोपतो, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्यात. पाठीमागे उशी लावली की झोपेत कूस बदलत नाही.

धावणं आणि व्यायाम

धावणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही, मलाही आवडलं नव्हतं. वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचा व्यायाम केला की ब्रेक फार तयार होतो, विश्रांतीची नाडी ४५-५० वर येते आणि वरचे कप्पे ताणले जातात. स्वीडनमधल्या ९० किलोमीटरच्या वासालोपेट स्की शर्यतीतल्या ५२ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २०१३ मध्ये आला. ज्यांनी जास्त शर्यती पुऱ्या केल्या आणि जे वेगाने गेले, त्यांच्यात ठोक्यांचे आजार जास्त आढळले. याचा अर्थ खुर्चीत बसा असा नाही. बैठ्या माणसाला आणि जाड माणसाला एएफ वेगळ्या वाटेने गाठतोच, आणि वजन उतरवलं की झटके कमी होतात.

मी काय बदललं? अर्धमॅरेथॉनचा नाद सोडला, आठवड्याला चार दिवस सहा-सात किलोमीटर, गप्पा मारता येतील एवढ्या वेगात. घाट चढायचा असेल तर चालत. पळणं संपवून धाडकन थांबत नाही, पंधरा मिनिटं चालत नाडी उतरू देतो. नंतर कोमट पाणी, मीठ-साखर-लिंबू, आणि तासभर आडवं व्हायचं नाही. नारळपाणी छान, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम वाढू शकतं, आधी विचारा.

प्राणायामाचं कुणीतरी सांगणारच. दिवसा संथ श्वास घ्यायला माझी हरकत नाही, पण रात्री जेवणानंतर लांब कुंभक धरून मी स्वतः एक झटका ओढवून घेतलाय.

झटका आलाच तर

उठून बसा. नाडी मोजा, वेळ लिहा, जमलं तर पट्टी काढा. चक्कर नसेल तर घरातल्या घरात हळू चाला. ब्रेक सैल होतो आणि काहींचा ताल परत लागतो. बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवणं, नाक दाबून जोर लावणं हे उपाय मोबाइलवर दिसतील. ते वेगळ्या जातीच्या धडधडीसाठी आहेत. एएफ त्यांनी जात नाही, आणि आपण तर व्हेगसलाच डिवचत असतो.

छातीत दुखणं, धाप लागणं, शुद्ध हरपणं, बसल्या जागी नाडी दीडशेच्या आसपास टिकून राहणं, यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन. ओवा नाही. तोंड एका बाजूला ओढलं, हात लुळा पडला, बोलणं जड झालं तर तो पक्षाघात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षण किती वाजता सुरू झालं ते सांगा. इथेही घड्याळ. आणि झटका नेहमीपेक्षा लांबला तर "उद्या बघू" म्हणू नका. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास उलटले की शॉक देऊन ताल परत आणण्याआधी सहसा तीन आठवडे रक्त पातळ ठेवावं लागतं.

गोळ्यांनी भागत नसेल तर ॲब्लेशन. मांडीच्या शिरेतून तार नेऊन फुप्फुसांच्या शिरांची तोंडं हृदयापासून विजेच्या दृष्टीने तोडतात, म्हणजे हौशी पोराची थाप डावापर्यंत पोचत नाही. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. आपल्याला त्यासाठी बहुतेक पुणं गाठावं लागतं, खंबाटकी ओलांडून साधारण ११० किलोमीटर. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा, नंतर नव्हे. मी अजून करून घेतलेलं नाही. वर्षाला तीन-चार झटक्यांवर आलोय आणि तेवढ्यात माझं भागतं. आठवड्याला येत असते तर केव्हाच केलं असतं.

एक शेवटची गोष्ट वहीची. ज्या रात्री काही झालं नाही, त्याही लिहा. नुसते झटके लिहिले तर दोषी वाटणारी प्रत्येक गोष्ट दोषी ठरते, कारण शांत रात्रींशी ताडायला काहीच नसतं. यंदाच्या जत्रेला मी संध्याकाळी सातला पोरांच्या पंगतीत बसलो. दीड भाकरी, एक वाटी रस्सा, माठातलं पाणी. मेहुणा वाढपी होता, म्हणाला, "दाजी, बालवाडीत नाव घातलं का?" मोठ्यांची पंगत बसली तेव्हा मी ओढ्यापर्यंत चालून आलो होतो. त्या तारखेपुढे लिहिलंय : "जत्रा. जेवण ७ ला. उजवी कूस. काही नाही."